बरोक काळातील एचिंगमधली सामान्य माणसे कशी पाहावीत

सतराव्या शतकातील युरोपीय एचिंगमध्ये भिकारी, फेरीवाले आणि रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या म्हाताऱ्या वारंवार भेटतात. त्यांच्या चेहऱ्यांआधी रेषेकडे पाहावे, कारण इथे माणूस रेषेतूनच घडतो. एचिंग म्हणजे छापचित्राची एक पद्धत: तांब्याच्या पत्र्यावरील अम्लरोधक लेप सुईने खरवडून चित्र काढतात आणि पत्रा अम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषाच कोरल्या जातात; मग त्यांत शाई भरून कागदावर छापे काढतात.

सुरुवात त्या काळातला छापचित्रकार जाक कालो याच्या भिकाऱ्यांच्या २५ चित्रांच्या मालिकेपासून करावी. त्याने तिरप्या टोकाचे हत्यार आणि कडक लेप वापरल्यामुळे रेषा मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. अंगरख्याच्या घड्यांवर हा बदल शोधला की कापडाचे वजन जाणवू लागते.

त्यानंतर डच चित्रकार रेम्ब्रांटकडे वळावे आणि तिथे घाई करू नये. १६३० मधला त्याचा बसलेला भिकारी जेमतेम ११.६ × ७ सेंटिमीटरचा आहे, म्हणून भिंग हवेच. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर चित्र मोठे करूनही पाहता येते. त्या भिकाऱ्याला रेम्ब्रांटने स्वतःचाच चेहरा दिला आहे, आणि ही गोष्ट मला त्याच्या कित्येक भव्य चित्रांहून मोलाची वाटते. १६३२ मधल्या उंदरांचे औषध विकणाऱ्याच्या चित्रात घरमालकाचा हात पाहावा: तोंड फिरवून तो विक्रेत्याला दूर सारतो आहे. १६४८ मधल्या दारात भिक्षा घेणाऱ्या कुटुंबाच्या चित्रातही नजर हातांवरच ठेवावी, कारण म्हातारा पाठीवर मूल घेतलेल्या स्त्रीच्या हातावर नाणे ठेवतो त्या जागेभोवतीच सारी रचना उभी आहे. ‘बिचारे’ म्हणून पुढे सरकणाऱ्याला हे दिसत नाही. १६३५ मधल्या पॅनकेक भाजणाऱ्या म्हातारीपुढे तर कुत्र्यापासून आपला घास वाचवणारे मूलच चित्राचा जीव आहे.

छाप्यात डावे-उजवे उलटते, त्यामुळे कोणी डाव्या हाताने काम करताना दिसल्यास त्यावरून तो डावखुरा होता असे ठरवू नये. शक्य असेल तेव्हा एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवाव्यात. पत्रा झिजल्यानंतर काढलेल्या प्रतींत बारीक रेषा पुसट होतात, आणि चेहऱ्यावरचा थकवा बहुधा त्याच रेषांत असतो.