कुरळ्या केसांना कंगवा कधी लावायचा?

सरळ केसांचा नियम कुरळ्या केसांना लावला की घोटाळा होतो. ओले केस विंचरू नयेत, हे सरळ केसांपुरतं खरं. ओला केस जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून सरळ केस न्हायच्या आधी कोरडेच विंचरून घ्यावेत. कुरळे केस मात्र कोरडे विंचरले तर बटा मोडतात, केस पिंजारतात आणि गुंते निघतात ते केसांसकट. ते ओले असताना, कंडिशनर लावलेला असतानाच सोडवायचे. मोठ्या दातांचा कंगवा घ्या, नाहीतर नुसती बोटं. एक बट मुठीत वर धरायची, आधी फक्त टोकाकडची चार बोटं लांबी सोडवायची, मग थोडं वर सरकायचं. मुळापासून खाली ओढलं तर सगळे गुंते खाली जमून एकच गाठ बसते.

पुसायला जुना सुती टीशर्ट किंवा पंचा बरा, आणि पाणी दाबून टिपायचं. टॉवेलने फटके मारून केस झटकायची आपली सवय कुठल्याच केसांना मानवत नाही.

टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वळणांवर अडतं. म्हणून कुरळ्या केसांची टोकं कोरडी राहतात. न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल तिथेच चोळा. बारीक, सरळ केसांना थोडंसंच पुरे, नाहीतर ते डोक्याला चप्प बसतात. अंबाडा घालायचा तर केस पूर्ण वाळल्यावर. पावसाळ्यात ओला अंबाडा आतून दिवसभर वाळत नाही आणि कुबट वास येतो.