पीटर बिशपची पूर्वकथा कशी जुळवावी : ‘फ्रिंज’च्या चाहत्यांसाठी

‘फ्रिंज’ ही अमेरिकी मालिका फॉक्स वाहिनीवर २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि शंभर भागांत दाखवली गेली. तिच्यातील पीटर बिशपची पूर्वकथा सलग सांगण्याचा प्रयत्न करणारा चाहता बहुधा चौथ्या पर्वापाशी अडखळतो. याचे कारण कथा दुर्बोध आहे असे नसून, एकाच नावाखाली अनेक व्यक्तींच्या नोंदी मिसळल्या जातात, असे आहे. पुढील विवेचनात मालिकेचा शेवटही उघड होतो, हे ती अद्याप न पाहिलेल्यांनी लक्षात घ्यावे.

नोंदी करताना नावासाठी नव्हे, तर प्रत्येक देहासाठी स्वतंत्र पान ठेवावे. मालिकेत दोन विश्वे आहेत. शीर्षकाच्या रंगावरून चाहते त्यांना निळे आणि लाल म्हणतात. निळ्या विश्वातील पीटर १९७८ साली जन्मला आणि १९८५ साली आजाराने वारला. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात त्याचा पिता, शास्त्रज्ञ वॉल्टर, ज्या थडग्यापाशी उभा असतो, ते याच मुलाचे. आपण पाच पर्वे ज्याला पाहतो, तो पीटर मात्र लाल विश्वात जन्मलेला आहे. तोही त्याच आजाराने खंगत होता. त्याचा खरा पिता, म्हणजे लाल विश्वातील वॉल्टर, ज्याला मालिकेत वॉल्टरनेट म्हणतात तो, औषध शोधत असताना यशाच्या नेमक्या क्षणी सप्टेंबर नावाच्या निरीक्षकामुळे (निरीक्षक म्हणजे भविष्यातून येऊन घटनांवर नजर ठेवणारे लोक) त्याचे लक्ष विचलित झाले आणि औषध साधल्याचे त्याला कळलेच नाही. दुसऱ्या विश्वातून हे पाहणारा वॉल्टर केवळ औषध देण्यासाठी रायडन तलावावरून पलीकडे गेला. परंतु जाताना कुपी फुटली, म्हणून मुलालाच उपचारासाठी अलीकडे आणणे त्याला भाग पडले. परतताना बर्फ फुटून दोघेही पाण्यात पडले आणि सप्टेंबरने त्यांना वाचवले. वॉल्टरला मुलाला परत पोहोचवायचे होते, हा तपशील पुष्कळ जण गाळतात. पण तो गाळला तर वॉल्टर निव्वळ अपहरणकर्ता ठरतो आणि पुढील तीन पर्वांतील त्याच्या अपराधभावनेचा अर्थच लागत नाही.

हा सांगाडा उभा राहिला की साक्षी तपासाव्यात. पडद्यावर प्रत्यक्ष घडलेले दृश्य आणि एखाद्या पात्राने सांगितलेली हकीकत यांना समान वजन देऊ नये. वॉल्टर तर सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार आहे : त्याच्या मेंदूचे काही भाग त्याचा जुना सहकारी विल्यम बेल याने त्याच्याच सांगण्यावरून काढून टाकलेले आहेत, त्याने सतरा वर्षे मनोरुग्णालयात काढलेली आहेत, आणि शिवाय त्याच्याकडे लपवण्यासारखेही बरेच आहे. पहिल्या पर्वात तो पीटरला त्याच्या बालपणच्या आजाराबद्दल सांगतो, ते मागून पाहता अर्धसत्य ठरते. स्वतः पीटरची साक्षही उपयोगाची नाही, कारण आपल्याला दुसऱ्या विश्वातून आणले हे त्याला आठवतच नाही. दुसऱ्या पर्वातील ‘पीटर’ हा भाग म्हणजे वॉल्टरने ऑलिव्हियाला, म्हणजे मालिकेची नायिका असलेल्या एफबीआय अधिकारी स्त्रीला, सांगितलेली कथा आहे. तिसऱ्या पर्वातील ‘सब्जेक्ट १३’ मात्र कोणत्याही निवेदकाविना त्यानंतर काही महिन्यांनी घडलेल्या घटना दाखवतो आणि वॉल्टरनेटच्या घरातील शोकही त्यात दिसतो. हे दोन भाग लागोपाठ पाहावेत आणि जेथे त्यांत फरक वाटेल तेथे दुसऱ्याला झुकते माप द्यावे.

शीर्षकाच्या रंगावर विसंबताना थोडी सावधगिरी हवी. रंग कथेचे स्थळ सांगतो, व्यक्ती सांगत नाही. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या आठ भागांत निळ्या शीर्षकाखाली वावरणारी ऑलिव्हिया ही प्रत्यक्षात लाल विश्वातून आलेली तोतया आहे, आणि खरी ऑलिव्हिया पलीकडे अडकलेली असून तिच्या मनात दुसरीच्या आठवणी भरल्या गेल्या आहेत. त्या काळात पीटरच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी, विशेषतः लाल ऑलिव्हियाशी जुळलेले नाते आणि त्यातून झालेला मुलगा हेन्री, कोणाच्या पानावर लिहायच्या, हे शीर्षक पाहून ठरवले तर हमखास घोटाळा होतो.

सर्वांत कठीण भाग चौथ्या पर्वाचा. येथे शीर्षक पिवळसर होते आणि अनेक जण त्याला तिसरे विश्व समजतात. तसे ते नाही. समांतर विश्वे एकाच वेळी शेजारी नांदतात आणि त्यांच्यात ये-जा होऊ शकते. बदललेल्या कालरेषेत मात्र तीच दोन विश्वे वेगळ्या इतिहासासह पुन्हा उभी राहतात आणि आधीचा इतिहास उरतच नाही. हा बदल कोठे झाला, हेही निश्चित सांगता येते : १९८५ साली तलावापाशी. नव्या इतिहासात सप्टेंबरने मुलाला वाचवले नाही आणि तो बुडाला. त्यामुळे आजाराने वारलेल्या मुलाचे पान दोन्ही कालरेषांना सामाईक राहते, तर लाल विश्वातील मुलाचे पान तलावापर्यंत एक आणि तेथून पुढे दोन असे फुटते. एवढे ध्यानात घेतले की पीटरच्या अभावाचे परिणाम ओळीने लावता येतात. खलनायक डेव्हिड रॉबर्ट जोन्स चौथ्या पर्वात जिवंत का, तर पहिल्या पर्वाच्या शेवटी दोन विश्वांमधील द्वार बंद करून त्याचा अंत करणारा पीटरच तेथे नव्हता. हेन्रीच्या नोंदीपुढे ‘मृत’ असे लिहू नये. नव्या इतिहासात तो जन्मलाच नाही.

मग याच पर्वात पीटर परत येतो, तो कोणता? माझ्या मते तो जुन्या कालरेषेतीलच आहे आणि त्याचे पान कोठेही तुटत नाही. ऑलिव्हियाचे तसे नाही. नव्या इतिहासात वाढलेल्या तिच्या मनात जुन्या ऑलिव्हियाच्या आठवणी उतरू लागतात आणि स्वतःच्या पुसट होत जातात. ती जुनी ऑलिव्हियाच झाली, असे मानणारे चाहते बरेच आहेत. परंतु तिसऱ्या पर्वात उसन्या आठवणींमुळे ती लाल ऑलिव्हिया झाली नव्हती, हे आपणच मान्य केलेले असते. मग येथे वेगळा न्याय लावायचा असेल, तर त्याचे कारण द्यावे लागेल. या वेळच्या आठवणी तिच्यावर कोणी लादलेल्या नसून त्या तिने स्वतः स्वीकारल्या, हे कारण मला पुरेसे बळकट वाटते, तरी नोंद करताना पान नव्या ऑलिव्हियाचेच ठेवावे आणि आठवणींचे मूळ बाजूला लिहावे.

एक किरकोळ सूचना. दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर ‘अनअर्थ्ड’ या भागात, आधीच मारला गेलेला ऑलिव्हियाचा सहकारी चार्ली फ्रान्सिस अचानक जिवंत दिसतो. त्यासाठी नवे विश्व कल्पिण्याची गरज नाही. तो भाग पहिल्या पर्वासाठी चित्रित झाला होता आणि जानेवारी २०१० मध्ये प्रसारित झाला. त्याची नोंद पहिल्या पर्वात करावी.

पाचव्या पर्वाच्या शेवटी वॉल्टर मायकल या निरीक्षक-बालकाला घेऊन २१६७ सालात जातो, त्यामुळे निरीक्षकांचा उगमच टळतो आणि काळ २०१५ पासून नव्याने सुरू होतो. यावर रास्त आक्षेप असा की, निरीक्षकच नसतील तर १९८५ साली वॉल्टरनेटचे लक्ष विचलित कोणी केले आणि पीटर अलीकडे आला कसा? मालिका याचे समाधानकारक उत्तर देत नाही आणि चाहत्यांनी रचलेली उत्तरे मालिकेच्या नावावर खपवू नयेत. पडद्यावर दिसते त्याप्रमाणे केवळ २०१५ नंतरच्या नोंदी रद्द धराव्यात, त्याआधीच्या तशाच ठेवाव्यात, आणि १९८५ च्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह करून सोडावे.