गेमबॉयची बॉडी बदलायची तर आधी काय काय हाताशी हवं

कोपरे घासून पांढरे झालेत, सेलचं झाकण रबरबँडवर टिकलंय, काचेवर इतके ओरखडे की खेळ धुक्यात चालल्यासारखा दिसतो. तरीही बटण सरकवलं की दिवा लागतो आणि आवाज येतो. असा गेमबॉय ॲडव्हान्स, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घरात असेल तर तो भंगारात देऊ नका. आमच्याकडचा आखातात कामाला असलेल्या मामांनी आणला होता. यंत्र 2001 सालचं, पण आतला बोर्ड अजून ठणठणीत. थकली आहे ती फक्त बॉडी, आणि ती घरी बदलता येते. मात्र तयारी अर्धवट ठेवून स्क्रूला हात लावायचा नाही.

सगळ्यात आधी नवी बॉडी, आणि ती मागवतानाच एक गोष्ट नीट बघा. बाजारात दोन जातीच्या बॉड्या मिळतात. एक मूळ पडद्यासाठीची, दुसरी आयपीएस, म्हणजे नंतर बसवायच्या नव्या उजळ पडद्यासाठी आतून कोरलेली, जिची खिडकीही जरा मोठी असते. तुम्ही जुनाच पडदा ठेवणार असाल आणि दुसरी बॉडी आली, तर पडदा आत हलत राहतो आणि खिडकीतून त्याच्या कडा दिसतात. तेव्हा ‘मूळ पडद्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पैसे भरा. बटणं, त्यांखालचे रबर आणि पुढची काच सोबत येणार का, हेही विचारून घ्या. आमच्याकडे पार्सल यायला आठवडा जातो, एक वस्तू राहिली की आणखी एक आठवडा.

मग हत्यारं. मागच्या बाजूला सात स्क्रू आहेत. त्यातले सहा वाय अक्षरासारख्या तीन खाचांचे, आणि सातवा, सेलच्या खणातला, साधा प्लस. तीन खाचांचा ड्रायव्हर इथं बेळगावात खडे बाजारात मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारून बघा, नाहीतर बॉडीसोबतच मागवा. बारीक मायनसनं काम भागवू नका. खाच एकदा घासली की तो स्क्रू काढायला ड्रिलच लागतं. आत बोर्ड धरून ठेवणारे तीन स्क्रू प्लसचे असतात, त्यांना लहान प्लस ड्रायव्हर पुरतो. टोकदार चिमटा, मऊ ब्रश आणि चष्मा पुसायचं कापड घरात असतंच. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल 99 टक्क्यांचं घ्या. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी बरंच असतं, ते बोर्डावर नको. सेल गळून पत्र्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रसही काढून ठेवा. सेलमधून गळतो तो क्षार, तो आंबटानं सुटतो. तेवढाच पत्रा कापसाच्या काडीनं पुसायचा, मग अल्कोहोलचा हात फिरवायचा.

आता जे सांगतोय ते बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरं काम इथंच आहे. जुना गेमबॉय उघडायच्या आधी नवी बॉडी रिकामी असतानाच तयार करा. नव्या प्लास्टिकच्या भोकांना बऱ्याचदा आटे पाडलेले नसतात, स्क्रू पहिल्यांदा आत जाताना स्वतःच आटे पाडतो. बोर्ड आणि पडदा आत असताना हे जोर लावून केलं तर खांब तडकतो. भाच्याच्या गेमबॉयचा उजवीकडचा खांब मी असाच फोडला. तो कोपरा आजही किंचित उघडा राहतो आणि बघितला की जीव हळहळतो. काकांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला. तो खांब हातात घेऊन ते म्हणाले, “आधी उलटं फिरव की रे. टक् म्हणलं की आटा सापडला, मग सुलटं घे.” तेव्हापासून मी रिकाम्या बॉडीत प्रत्येक स्क्रू हळू आत घेतो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, आणि डोकं टेकलं की थांबतो. काकांची टक् म्हणायची युक्ती नंतर, प्रत्यक्ष जोडताना वापरायची, म्हणजे स्क्रू पाडलेल्याच आट्यात बसतो, दुसरा आटा कापत नाही. रिकाम्या बॉडीतच बटणं घालून दाबून बघा. एखादं अडकत असेल तर त्याच्या कडेला उरलेली प्लास्टिकची कूस ब्लेडनं अलगद काढा. सेलचं झाकणही लावून बघा.

टेबलावर पांढरा पंचा पसरा. त्यावर पडलेली स्प्रिंग दिसते आणि घरंगळत नाही. स्क्रूंसाठी आमच्या घरी इडलीपात्राची एक थाळी येते. एका खळग्यात वायचे सहा, दुसऱ्यात सेलच्या खणातला एकटा, तिसऱ्यात बोर्डाचे तीन. चौथा खळगा वरच्या दोन बटणांसाठी राखून ठेवाच. एल आणि आर मोकळेच बसलेले असतात, मागची बाजू उचलताच निसटतात, आणि त्यांची स्प्रिंग नखाएवढीसुद्धा नसते. त्या स्प्रिंगा, बटणांतून जाणारी धातूची बारीक काडी, चालू-बंदच्या बटणाची टोपी, दोन सेल जोडणारा पत्रा, हे सगळं जुन्या बॉडीतून काढून नव्या बॉडीत घालायचं असतं. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत जुनी बॉडी कचऱ्यात टाकू नका. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा.

पडद्याची रिबन तेवढी नुसती ओढू नका. ती जिथं बोर्डात जाते तिथल्या पट्टीचे दोन्ही कान नखानं एकेक करून मिलिमीटरभर वर घ्यायचे, मग रिबन आपोआप सुटते. कान तुटला तर साध्या हातानं दुरुस्ती नाही.

दिवस कोणता निवडावा? उन्हाळ्यात आमच्याकडचा तांबडा फुफाटा बंद खिडकीतूनही आत येतो, आणि काच व पडदा यांच्यात गेलेला एक कण खेळताना सतत डोळ्यांसमोर राहतो. मला पावसाळ्यातली सकाळ आवडते, धूळ बसलेली असते. फक्त लाईटचा नेम नसतो, तेव्हा खिडकीजवळ बसा. पंखा बंद करा, स्वेटर काढून ठेवा, आणि बोर्डाला हात लावण्याआधी नळाला किंवा स्टीलच्या टाकीला एकदा हात लावून अंगातली वीज जाऊ द्या. काचेवरची पातळ फिल्म पडदा बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका.

शेवटी दोन नवे पेन्सिल सेल आणि चालणारी एक कॅसेट बाजूला ठेवा. मागची बाजू लावली की आधी समोरासमोरचे दोनच स्क्रू घ्या, सेल घाला, सगळी बटणं, आवाज आणि पडदा तपासा. एखादी रेघ दिसली तर रिबन पुन्हा बसवायला तेवढेच दोन स्क्रू काढावे लागतात.