जर्मनीत राहून भारतीय पदवीला मान्यता कशी मिळवावी

जर्मनीत स्थिरावल्यावर आपल्या पदवीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला की बहुतेक जण आधी कागदपत्रे गोळा करायला लागतात. त्याआधी एक गोष्ट निश्चित करून घ्यावी, ती म्हणजे आपला व्यवसाय तिथल्या कायद्याने नियंत्रित आहे की नाही. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, शाळेतील शिक्षक, वकील हे व्यवसाय नियंत्रित आहेत आणि मान्यतेशिवाय ते करताच येत नाहीत. संगणक क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या, व्यवस्थापन, लेखा विभाग यांना असे बंधन नाही. अभियंत्याला नोकरी करायला मान्यता लागत नाही, मात्र ‘इंगेनिअर’ हे बिरुद राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित असल्यामुळे ते नावापुढे लावायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. हा भेद न समजल्यामुळे अनेकांचे पैसे आणि महिने नको त्या कार्यालयात खर्ची पडतात, म्हणून तो आधी सांगितला.

व्यवसाय नियंत्रित नसेल तर काम तुलनेने सोपे आहे. ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात दोन नोंदी पाहाव्यात. आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्था) असा शेरा हवा आणि आपल्या पदवीपुढे ती जर्मन पदवीशी समतुल्य किंवा समकक्ष असल्याची नोंद हवी. दोन्ही मिळाल्या तर त्या पानांची छापील प्रत बहुधा व्हिसासाठी पुरते. यातली एक जरी नसेल, तर बॉनमधील ‘त्सेड-आ-बे’ या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीच्या मूल्यमापनाचा दाखला घ्यावा. शोधताना महाविद्यालयाचे नव्हे, तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव शोधायचे असते. आपल्याकडची शेकडो महाविद्यालये संलग्न असतात आणि ती त्या कोशात स्वतंत्रपणे सापडतीलच असे नाही. नाव बदललेल्या विद्यापीठांच्या बाबतीत जास्त जपावे लागते. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर १९९४ मध्ये झाले. पदवीवर जुने नाव आणि ट्रान्स्क्रिप्टवर नवे असेल, तर तपासणाऱ्याला ती दोन वेगळी विद्यापीठे वाटू शकतात. विद्यापीठाकडून नामांतराचे पत्र घेऊन जोडावे.

आयटीआय किंवा तत्सम व्यवसाय-प्रशिक्षण झालेल्यांचा मार्ग निराळा आहे. उद्योग आणि व्यापाराशी संबंधित कामांचे अर्ज प्रामुख्याने न्युर्नबर्गच्या ‘आय-हा-का फोसा’ या उद्योग-व्यापार मंडळांच्या केंद्रीय मान्यता कार्यालयाकडे जातात, तर कारागिरीच्या व्यवसायांचे अर्ज स्थानिक हस्तव्यवसाय मंडळाकडे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून या वाटेने जाऊ इच्छिणारी मुले वाढली आहेत. करार झाला म्हणून मान्यतेची प्रक्रिया टळते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

खरी कसोटी नियंत्रित व्यवसायांची आहे. जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि प्रत्येकाचे कार्यालय वेगळे. जिथे नोकरी करायची त्याच राज्यात अर्ज करावा लागतो. भारतात शिकलेल्या डॉक्टरला वैद्यकीय जर्मनची परीक्षा द्यावी लागते आणि शिक्षणातील तफावत भरून निघाली नाही, तर ज्ञानपरीक्षाही. शाळेतल्या शिक्षकांकडून तिथे साधारणपणे दोन विषयांचे शिक्षण अपेक्षित असते. आपल्याकडे एकाच विषयात पदवी घेऊन बी.एड. केलेल्यांना त्यामुळे अनेकदा अंशतःच मान्यता मिळते.

परिचारिकांच्या अर्जाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे निर्णय तासांवर होतो. कार्यालय तुमच्या अभ्यासक्रमातील सैद्धांतिक आणि प्रात्यक्षिक तास जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. नुसती गुणपत्रिका पुरत नाही. कोणत्या विभागात किती तास काम केले, याचा महाविद्यालयाच्या शिक्क्यासह तक्ता हवा. कमी पडणारे तास नोकरीच्या अनुभवाने भरून काढता येतात, पण त्यासाठी अनुभवाचे प्रमाणपत्र नीट लिहिलेले असावे लागते. ‘यांनी आमच्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम केले असून त्यांची वर्तणूक चांगली होती’ अशा दोन ओळींचा उपयोग शून्य. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, अतिदक्षता किंवा बालरोग असा विभाग, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष केलेली कामे, एवढे त्यात यायलाच हवे. हे पत्र गावी असतानाच, वरिष्ठांशी बोलून मिळवलेले बरे. परदेशातून फोन करून ते मागणे फार जड जाते. ज्यांना आता उशीर झाला आहे, त्यांनी घरातल्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र देऊन प्रत्यक्ष पाठवावे आणि मसुदा स्वतः तयार करून द्यावा.

नावाचा घोळ हा मराठी माणसाच्या कागदांचा खास दोष म्हणावा लागेल. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शिवाय वेगळ्या रकान्यात आईचे नाव. पासपोर्टवर क्रम उलटा. आणि लग्नानंतर आडनावासोबत मधले नावही बदललेले. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला यातून एकच व्यक्ती दिसेल असे गृहीत धरू नये. विवाहप्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी जे असेल ते भाषांतरासह पहिल्याच अर्जाला जोडावे.

भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. इंग्रजी कागद तसेच चालतील का, हे त्या त्या कार्यालयाला आधी लेखी विचारावे. आपल्याकडे अनेक एजंट अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, पैसे घेतात, परंतु जर्मनीने अपोस्टिल करारातील भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली असल्यामुळे भारतीय अपोस्टिलला तिथे त्या नात्याने किंमत नाही. मूळ प्रती टपालाने पाठवू नयेत, प्रमाणित प्रती द्याव्यात.

कागद पूर्ण झाल्यावर सामान्यतः तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो, डॉक्टरांच्या बाबतीत अधिक वेळ लागू शकतो. मुदत पूर्ण कागदांच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून सगळे कागद मिळाल्याची पोच मागून घ्यावी. सरकारी अर्थसाहाय्यावर चालणारी ‘आय-क्यू’ सल्लाकेंद्रे विनामूल्य मार्गदर्शन करतात, त्यांचा लाभ अर्जाआधीच घ्यावा. अंशतः मान्यतेचे पत्र आले तर त्यात कोणत्या उणिवा लिहिल्या आहेत ते विषयवार वाचावे, कारण पूरक प्रशिक्षण घ्यायचे की परीक्षा द्यायची, हा निर्णय त्याच यादीवरून करायचा असतो. एखादी उणीव अनुभवाने भरून निघालेली असूनही धरली गेली असेल, तर पत्र मिळाल्यापासून साधारणपणे एका महिन्याच्या आत दाद मागता येते. दाद नेमकी कुठे मागायची, हे त्याच पत्राच्या शेवटी लिहिलेले असते.