सॉल्व्हंट प्लांटला नव्यानं लागताय? आधी डेटा शीट वाचा

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटला लागलो. तिथं तेल हेक्झेननं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या एका द्रवानं, काढतात. पहिल्याच आठवड्यात आमच्या फिटर काकांनी पंपाचे तेलकट पार्ट हेक्झेनच्या बादलीत धुतले, मग हातही त्यातच. मी टोकलं तर म्हणाले, "काई होत नाई पोरा, वीस वर्सं झाले."

दिवाळीत त्यांच्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी शुगर तपासली, ती बरोबर निघाली. काम काय करता, हे पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

तोवर मला हेक्झेनची एकच भीती होती, आगीची. ती खरीच आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळताच वाफ पेटू शकते ते किमान तापमान, उणे २० अंशांच्याही खाली, वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून ती गटारात आणि खड्ड्यात साचते. हवेत जेमतेम १.१ टक्के झाली की ठिणगी पुरे. पण एन-हेक्झेनचं (प्लांटच्या हेक्झेनमधला मुख्य घटक) शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि ते हातापायांच्या नसा निकामी करतं. संपर्क तुटल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो. काकांचा वाढला.

मग मी पर्याय शोधू लागलो. हेप्टेन नसांना तसा इजा करत नाही, उडतोही कमी. वाटलं, सापडलं! पण त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोही तसाच पेटणार. शिवाय हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, हेप्टेन ९८ ला, म्हणजे पेंडीतून काढायला स्टीम जास्त. इथाइल ॲसिटेट पाहिलं, तर हेक्झेनला टिकणाऱ्या नायट्राइलच्या हातमोज्यांतून ते लवकर आरपार जातं. पर्याय बदलला की हातमोजेही बदलावे लागतात, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून दोन्ही रसायनांच्या डेटा शीट (प्रत्येक रसायनासोबत येणारं सुरक्षेचं माहितीपत्रक) शेजारी ठेवूनच तुलना करा: विभाग ९ मध्ये आग, ११ मध्ये शरीर, ८ मध्ये हातमोजे आणि हवेतली मर्यादा.

एक्स्ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे तेल काढायच्या यंत्रात, आजही हेक्झेनच आहे, बंद यंत्रणेत. पार्ट मात्र आम्ही गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुतो. तो पेटत नाही. पण कातडी सोलवटतो, आणि पार्ट लगेच कोरडे केले नाहीत तर गंजतात.

आणि मुंग्या आल्याच, तर दवाखान्यात जाताना डेटा शीटची झेरॉक्स न्या. काकांचे पाच महिने त्या कागदावाचून गेले.