नोंदवही: नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी काही अनुभव

कोल्हापुरात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो, आणि तो रास्तच आहे. तरीही मी आधी त्यांची क्षेत्रकार्याची नोंदवही मागते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आपण वस्तीत, शाळेत, रुग्णालयात पुष्कळ दिवस घालवतो. नोंदी मात्र बऱ्याचदा सादर करण्याच्या आदल्या रात्री, आठवतील तशा, एका बैठकीत लिहून काढल्या जातात. मीही तसेच करत असे. त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे मला नोकरीत आल्यावर कळले.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर गेले होते, तेव्हा शिरोळ तालुक्यातील एका निवारा केंद्रात कुटुंबांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. एक घर, एक कुटुंबप्रमुख, एक ओळ, अशी ती यादी. नवऱ्याने टाकलेली एक बाई दोन मुलांसह भावाच्या घरी राहत होती आणि पहिल्याच दिवशी तिने मला सांगितले होते, "आमची चूल येगळी हाय, बाई." मी ते ऐकले, मान डोलावली आणि तिला भावाच्या नावाखाली धरले. पुढे मदतीचे साहित्य भावाच्या नावाने गेले, आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी तिच्या वेगळ्या चुलीचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत, तहसील असे हेलपाटे आम्ही दोघींनी कित्येक महिने घातले. तिने जे स्पष्ट शब्दांत सांगितले होते, ते मी त्याच दिवशी एका ओळीत लिहिले असते, तर दाखवण्यासारखा निदान एक कागद तिच्या हातात राहिला असता.

तेव्हापासून मी नोंद तीन भागांत लिहिते आणि नव्यांनाही तसेच सांगते: समोरची व्यक्ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत, मी डोळ्यांनी काय पाहिले, आणि त्यावरून मला काय वाटले. हे तिसरे पहिल्या दोहोंत मिसळू द्यायचे नाही. "कुटुंब सहकार्य करत नाही" हे वाक्य मी नव्यांच्या नोंदींत सतत वाचते, आणि त्यातून काहीही कळत नाही. "दोनदा गेले, दोन्ही वेळा सासूबाई दारातच बोलल्या, सून आतून ऐकत होती" असे लिहिले की पुढच्या भेटीत सुनेशी एकटीशी कसे बोलता येईल, हा विचार आपोआप सुरू होतो. नोंद त्याच दिवशी लिहावी, आणि शक्य असेल तेव्हा ती त्या व्यक्तीला वाचून दाखवावी. अक्षरओळख नसलेल्या माणसाला आपल्याबद्दल काय लिहिले जाते आहे, याची धास्ती फार असते. शिरोळ आणि गडहिंग्लजच्या सीमाभागात काम असेल तर कन्नड बोलणाऱ्यांचे शब्द मराठीत आणताना अर्थ बदलत नाही ना, हेही विचारून घ्यावे.

या नोंदींना पुढे कायद्याच्या प्रक्रियेत महत्त्व येते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यानुसार संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल तयार करतात, तेव्हा तुमच्या भेटींच्या तारखा उपयोगी पडतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक सापडले, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. त्या धावपळीत कोण, कुठे, केव्हा हे आठवत बसायला वेळ नसतो. गोपनीयतेबाबत एक गोष्ट निक्षून सांगते. "हे कोणालाच सांगणार नाही" असे वचन मुलांना कधीही देऊ नका. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि मोडलेल्या वचनानंतर ते मूल पुन्हा कोणावर विश्वास ठेवील, याची खात्री देता येत नाही.

समुदायासोबतच्या कामालाही हीच शिस्त लागते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. शाहू महाराजांनी 1917 मध्येच पुनर्विवाहाचा कायदा केलेल्या या जिल्ह्यात तो ठराव व्हावा, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ठराव झालेल्या कोणत्याही गावात नवा कार्यकर्ता गेला, तर त्याने पुढचे पाहावे: हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे गेले, कोण आली, कोण आली नाही आणि का. ही नोंद वर्षभर ठेवली तरच गावात काय बदलले, ते सांगता येते.

नोकरीविषयी थोडक्यात सांगते. रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, बालसंरक्षणाची पदे, कारखान्यांतील कामगार कल्याण अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, असे अनेक मार्ग आहेत. त्यांतील बरीच कामे कंत्राटी असतात आणि निधी संपला की संपतात. म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा की तुम्ही हाताळत असलेली प्रकरणे कोण तपासणार आणि किती दिवसांनी. पहिल्या दोन वर्षांत तुमच्या नोंदी वाचून प्रश्न विचारणारा मार्गदर्शक मिळत असेल, तर थोडा कमी पगारही मी स्वीकारीन, अर्थात घरची परिस्थिती तेवढी मुभा देत असेल तर. संस्थेत असा कोणी नसेल, तर दोन-तीन सहकाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा बसून, नावे झाकून, एकमेकांची प्रकरणे तपासावीत.

आणि कंत्राट संपेल तेव्हा फाईल नुसती कपाटात ठेवून निघू नका. ज्या घरांत तुमचे जाणे-येणे आहे, तिथे महिनाभर आधी सांगा, नव्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन एकदा तरी जा, आणि फाईलच्या पहिल्या पानावर अपूर्ण कामे तारखांसह लिहा: कोणता अर्ज कोणत्या टेबलावर आहे, कोणता दाखला अजून मिळायचा आहे, आणि त्या घरात कोणाशी एकटीशीच बोलायचे आहे.