पॅड-डिस्क बदलल्यावर ब्रेकची एअर काढताय? या चुका टाळा

नवे पॅड बसवले, नव्या डिस्क लावल्या, चाकं चढवली आणि पेडल थेट तळाला गेलं. अशा वेळी बरेच जण लगेच पाना घेऊन ब्रेकच्या लाइनमधली हवा, म्हणजे एअर, काढायला निपल (चाकापाशी ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) खोलायला बसतात. पहिली चूक तीच. नुसते पॅड आणि डिस्क बदलताना ब्रेकची लाइन कुठे उघडतच नाही, मग हवा शिरणार कुठून? जाड पॅडना जागा करायला पिस्टन मागे ढकललेला असतो, तो परत पॅडला टेकेपर्यंत पेडल रिकामंच जाणार. इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश दाबत राहा, ते कडक होतं. हे गाडी जागची हलवण्याआधीच करायचं. आपल्याकडे कितीतरी घरांच्या फाटकाबाहेर लगेच उतार लागतो, तिथे ब्रेक नाही हे कळून काय उपयोग?

होज (ब्रेकची रबरी नळी) किंवा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) लाइनपासून सोडला असेल, ब्रेक ऑइल जुनं असेल, किंवा पंप करूनही पेडल मऊच लागत असेल, तर मात्र एअर काढा.

ऑइलच्या बाबतीत गोव्यात जास्त काटेकोर राहायला हवं. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार, दोन्ही हवेतली ओल शोषतात, आणि आपल्याकडे तिची कमतरता नाही. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले की याच पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक थांबवत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून पडून असलेली अर्धी बाटली वापरू नका. एअर काढताना निपलला लावलेल्या नळीतून निघालेलं ऑइल स्वच्छ दिसलं तरी परत ओतू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे निपल खाऱ्या हवेने गंजून धरतात. ते आतून पोकळ असतात, जोर केला की तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा बाजूंनी पकडणारा रिंग पाना लावा.

आता मुख्य काम. एक जण आत, एक चाकाशी, आणि दोघांनी मोठ्याने बोलायचं.

“दाब!”

“दाबला.”

“धरून ठेव... सोडू नको हां.”

निपल पाव फेरा खोला, ऑइल आलं की बंद करा, आणि मगच “सोड” म्हणा. आतल्याने त्याआधी पाय उचलला तर निपलमधूनच हवा आत ओढली जाते. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. निपल फार खोलला तर आट्यांच्या फटीतून हवा येते, नळीत बुडबुडे दिसत राहतात आणि लाइनमध्ये नसलेली हवा माणूस तासभर काढत बसतो. वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडेही लक्ष ठेवा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. मॅन्युअल बघा.

सगळं नीट करूनही पेडल मऊच असेल तर निपल कुठे आहे ते पाहा. कॅलिपर काढले असतील तर डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खाली येतो. हवा वरच्या बाजूला अडकते आणि कितीही ऑइल काढलं तरी हलत नाही. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल, तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच ती निघते.

पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दुसऱ्याला वर कडक लागतं? मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यांच्या शूजचं अंतर तपासा. आणि पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या भागाचे) रबर सील गेलेत. जुन्या गाडीत एअर काढताना पेडल पार तळापर्यंत दाबलं की हे सील आतल्या गंजावर घासून फाटू शकतात. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सील गेलेली गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या.